दारातला ईम

कोशाच्या कचेरीत एक रीत होती आणि ती कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नव्हती. शब्द एकट्याने काढायचा नाही.

इंग्रजी शब्दांचे आपल्या भाषेत अर्थ देणारा तो जाडजूड कोश कित्येक वर्षं दोन खंडांत निघत आला होता. आता तो एकाच खंडात बसवायचा होता. प्रूफवाले काका म्हणत, "दोन बिऱ्हाडांचं सामान एका खोलीत लावायचंय. काहीतरी रस्त्यावर येणारच." रस्त्यावर यायचे ते म्हातारे शब्द, ज्यांना आता कुणी तोंडात घेत नाही असे. पण त्यांनाही घालवायची एक पद्धत होती. काढणाऱ्याने शब्द मोठ्याने वाचायचा, अर्थ सांगायचा, तो कुठून आला ते सांगायचं. समोरच्याने हातातलं काम बाजूला ठेवून म्हणायचं, "ऐकला." मग त्या शब्दावर लाल रेघ, आणि रेघेच्या टोकाला ऐकणाऱ्याच्या हातची बारीक खूण. रीत कुणी घातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. संपादक बाई, ज्यांच्यापुढे प्रकाशकसुद्धा आवाज खाली आणून बोलत, त्यांना एकदा कुणीतरी विचारलं तर त्या म्हणाल्या, "माणूस जाताना जवळ कुणीतरी असावं लागतं. शब्दाचं काय वेगळं?" आणि पुन्हा चष्मा लावला.

ती कचेरीतली सगळ्यात धाकटी. वाचायचं काम तिच्याकडे, ऐकायचं काकांकडे.

"ओव्हरमॉरो," ती वाचायची. "येणारा परवा. ओव्हर म्हणजे पलीकडे, मॉरो म्हणजे उद्या. उद्याच्या पलीकडचा."

"ऐकला. म्हणजे इंग्रजांकडे परवा होता आणि त्यांनी तो हरवला? तरीच त्यांना सगळं उद्याच हवं असतं."

"अ‍ॅटरकॉप. कोळी. अ‍ॅटर म्हणजे विष, कॉप म्हणजे डोकं."

"विषडोक्या. आमच्या घरमालकाला काय शोभला असता. ऐकला."

असे हसतखेळत शब्द जात. मात्र जुन्या इंग्रजीच्या परिशिष्टातला एक आला तेव्हा काका हसले नाहीत. ऊख्तकेआरू. ऊख्त म्हणजे उजाडायच्या आधीची वेळ, केआरू म्हणजे काळजी. पहाट व्हायच्या आधी जागं पडून माणूस जी काळजी करतं ती. काकांनी पेन्सिल कानामागे खोचली. "हा का काढतोय आपण? हा तर रोज लागतो." तरी थोड्या वेळाने ते म्हणाले, "ऐकला."

तिनेही रेघ जरा हळूच ओढली. त्या शब्दात ती राहतच होती म्हणा ना. तिची लेक पुरती अडीच वर्षांची झाली होती आणि अजून एक शब्द बोलली नव्हती.

मुलगी ठणठणीत होती. कान तपासून झाले होते, जीभ तपासून झाली होती. दिवा कुठे म्हटलं की वर बघायची, चप्पल आण म्हटलं की दोन पायांच्या दोन निराळ्या चपला आणून ठेवायची. हसायची तीसुद्धा आवाज न करता, नुसते खांदे हलवून. सारखं काहीतरी उचलून या खोलीतून त्या खोलीत नेत राहायची आणि तोंडातून चकार शब्द नाही, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव मुंगी पाडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, थांबा, बोलेल. शेजारीण म्हणाली होती, आमच्या भाच्याचंही असंच होतं. नवरा कामाच्या दौऱ्यावरून फोन करायचा तेव्हा बाकी काही न विचारता आधी विचारायचा, "काही बोलली?" आणि ती म्हणायची, "बोलेल हो." फोन ठेवल्यावर ती मुंगीच्या केसांत नाक खुपसून बसायची. दुधाचा आणि झोपेचा वास यायचा. तिला वाटायचं, आत शब्द असतीलच की. एखाद्याने नुसती कडी काढायची बाकी असेल.

मुंगीला सर्दीताप आला त्या आठवड्यात तिने 'ई' या अक्षराची पानं घरी आणली. बाईंनी आणू दिली. "फक्त अर्थ तपास," त्या म्हणाल्या. "रेघा इथे येऊन."

दुपार होती. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. ताप उतरलेली मुंगी जमिनीवर बसून कपड्यांचे चिमटे डब्यात टाकत होती, काढत होती, पुन्हा टाकत होती. आई पलंगाला टेकून पानं तपासू लागली आणि सवयीने मोठ्याने वाचू लागली. अर्थ, मूळ, पुढचा. हाताला लाल पेन लागलं. काम साचलेलं होतं, डोळ्यांवर झोप होती. एकेका शब्दावर रेघ पडत गेली आणि वेळ वाचवायला तिने रेघेच्या टोकाची ऐकणाऱ्याची खूणही आपणच करून टाकली. कोण विचारतंय.

मग 'ईम' आला. ती वाचून गेली. "ईम. आईचा भाऊ." आणि तिथे अडखळली. कुठून आला ते तिने वाचलंच नाही. रेघ ओढली, खूण केली, पान उलटलं. डब्यात पडणाऱ्या चिमट्यांचा आवाज थांबला होता हे तिला जरा उशिरा लक्षात आलं.

मुंगी उठून दारापाशी गेली होती. बाहेरच्या खोलीत जाण्याचं ते दार, पडदा नसलेलं. चौकटीवर तिने इवल्या बोटांची मूठ करून दोनदा टकटक केलं. मग मान वर केली, अगदी वर, छताकडे पाहावं इतकी, आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाली, "ईम."

आईने लेकीचा आवाज असा पहिल्यांदा ऐकला. ती धावली, तिला उचललं, पापे घेतले, हसली, रडली. "काय म्हणालीस? पुन्हा म्हण, माझी चिमणी, पुन्हा म्हण." मुंगीने तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "ईम." कुणी आलं की आपण ज्या आवाजात 'या' म्हणतो त्या आवाजात.

तिने वळून दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं.

सासूबाई आतून उठून आल्या होत्या. "बोलली? काय म्हणाली?"

"काही नाही आई. नुसतं हुं केल्यासारखं."

खोटं बोलून तिने पानं गोळा केली.

ती दोनदा टकटक दादाची होती. तिचा मोठा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करायचा, दुसऱ्या शहरात असायचा. दार सताड उघडं असलं तरी चौकटीवर बोटांनी दोनदा वाजवल्याशिवाय आत यायचा नाही, आणि येताना मान खाली घालून यायचा. उंच होता, पण इतकाही नाही. लहानपणी एकदा कपाळमोक्ष झाला होता, तेव्हापासून कुठल्याही दाराला तो नमस्कार केल्यासारखा वाकायचा. ती चिडवायची, "वाक वाक, तुझ्या मानाने दार फारच लहान ना." तो म्हणायचा, "दारं दिसतात तेवढी उंच नसतात, बाळे."

तिला सातवा महिना होता तेव्हा तो गेला. चार दिवसांचा ताप, बस. तिला प्रवास करू दिला नाही. फोन आला तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सासूबाईंनी तिला घट्ट धरलं होतं. "रडू नकोस गं. पोटातल्याला सगळं ऐकू जातं." चांगल्या मनाने म्हणाल्या होत्या. तिनेही ते चांगल्या मनाने पाळलं. आवाज गिळला. मग बाळ झालं, मग दूध, लंगोट, जागरणं, कचेरी. दादाचा विषय काढायला पुन्हा जागाच सापडली नाही. घरात त्याचा फोटो नव्हता. मुंगीपुढे 'मामा' हा शब्द कुणी कधी उच्चारलाच नव्हता. काय म्हणून उच्चारायचा?

मग मुंगीला टकटक कुणी शिकवलं?

त्या दिवसापासून मुंगीकडे एक शब्द आला आणि तो एकच राहिला. बिस्किटाचे दोन तुकडे करायची, एक स्वतः खायची, दुसरा दारात ठेवून म्हणायची, "ईम." चेंडू दाराकडे ढकलायची आणि वाट पाहायची. आईला हाक मारायची नाही, आजीला नाही, दूध हवं तरी बोट दाखवायची. बोलायची ती फक्त त्या मोकळ्या चौकटीशी.

आणि ती वाकू लागली. सासूबाईंनी ते आधी पाहिलं. ते गुडघ्याएवढं पोर दारातून जाताना मान खाली घालायचं. दार तिच्या डोक्यावर माणूसभर उंच होतं, तरी मुंगी थांबायची, दोनदा वाजवायची, मान वाकवायची, मग जायची.

भांडी पुसता पुसता सासूबाई म्हणाल्या, "अगं, एक विचारू? घरात कोण आहे?"

"कोण असणार? आपण तिघी."

"मला वेड्यात काढू नकोस. मी म्हातारी आहे, आंधळी नाही." त्यांनी वाटी पालथी घातली. "परवा मी तिला म्हटलं, चल, बाहेर जाऊ. तर ही दाराकडे बघून थांबली. कुणीतरी बाजूला होईपर्यंत थांबावं तशी. मग आली."

ती पुसलेल्या वाट्या फडताळात लावत राहिली.

"ते काय म्हणते ती, ईम, ते काय आहे?"

"जुना शब्द आहे. मी वाचत होते, तिने उचलला. आता कुणी बोलत नाही तो."

"मग हिच्याशी कोण बोलतंय त्यात?" सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली ती थेट बाईंच्या टेबलापाशी. 'ई'ची पानं समोर ठेवली. "बाई, या खुणा काकांच्या नाहीत. माझ्याच आहेत. मी घरी एकटीने वाचले."

काकांनी मान वर केली. नेहमीसारखी कोटी करायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं.

बाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून म्हणाल्या, "मग परत वाचू. आज बरेच आहेत, चल, बस."

ती वाचू लागली. काका ऐकला, ऐकला म्हणत गेले, तिच्या खुणेवर आपली खूण करत गेले. 'ईम'पाशी ती आली. "ईम," ती म्हणाली. "आईचा..." आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. काकांनी उठून पाणी आणून दिलं आणि खिडकीपाशी जाऊन उगाच बाहेर पाहत उभे राहिले.

मग तिने बाईंना सगळं सांगितलं. टकटक, बिस्किट, वाकणं. सांगताना तिला वाटत होतं, आता बाई म्हणतील रजा घे, झोप काढ. बाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसल्या.

"एकट्यात वाचलेला शब्द अर्धाच राहतो," त्या म्हणाल्या. "माझ्या आधीच्या संपादकांनी मला तेवढंच सांगितलं होतं. आतही नाही, बाहेरही नाही. दारात अडकल्यासारखा. मी म्हटलं होतं, काहीतरीच." त्यांनी ते एक पान वेगळं काढलं. "पण हा एकट्यात वाचला गेला नव्हता. ऐकणारी होती की, तुझी लेक. फक्त तू पुरता वाचला नाहीस."

"म्हणजे?"

"जिथे अर्धा सोडलास तिथे जाऊन पुरा कर. उद्या पान छपाईला जायचंय."

"आणि बाई..." तिला विचारवेना. "तेवढा एकच शब्द आहे तिच्याकडे. तो गेला तर?"

बाईंनी पान घडी न घालता लिफाफ्यात ठेवून तिच्या हातात दिलं.

रस्ताभर ती लिफाफा छातीशी धरून चालली. न वाचता परत नेला तर? पोर बोलतंय ना, कुणाशी का होईना. पण मग डोळ्यांपुढे मुंगी मोठी होताना दिसू लागली. शाळेत जाणारी, केस विंचरणारी, बाई झालेली. आणि सगळ्या दारांतून वाकून जाणारी, सगळं बोलणं कुणा दुसऱ्याशीच, आईशी एक अक्षर नाही. दुसऱ्या बाजूला ते जुनं गप्प घर. यातलं एक निवडायचं, आणि निवडायचं तिनेच.

घरी आली तेव्हा ऊन बाहेरच्या खोलीतून आत दारापर्यंत आलं होतं. मुंगी चौकटीशी बसली होती. समोर चिमट्यांचा डबा, बाजूला बिस्किटाचा अर्धा तुकडा. आईला पाहून ती खांदे हलवून हसली आणि जरा सरकली. चौकटीच्या एका बाजूला सरकली, दुसऱ्या बाजूची जागा तशीच मोकळी ठेवून.

आई तिच्या समोर जमिनीवर बसली. मोकळ्या जागेवर नाही. पान मांडीवर ठेवलं.

"ईम," ती म्हणाली. मुंगीने मान वर केली. "आईचा भाऊ."

आवाज कापत होता, पण होता.

"फार जुना शब्द आहे. इंग्रज पूर्वी आईच्या भावाला एक म्हणायचे आणि वडिलांच्या भावाला दुसरं. आपल्यासारखंच. जर्मन लोकांत त्याचा एक भाऊबंद होता, ओहाइम, तोही आता थकलाय. मग फ्रेंच बोलणारे राजे आले, त्यांच्याबरोबर अंकल आला, आणि मामा, काका सगळे एकाच नावाखाली गेले. गंमत म्हणजे हा अंकल ज्या लॅटिन शब्दातून आला तोही मुळात मामाच. छोटा आजोबा असा त्याचा अर्थ. पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. हळूहळू ईम म्हणणारे गेले. कुणी हाक मारणारंच उरलं नाही."

कोशातलं तेवढंच होतं. तिने पान उलटं ठेवलं.

"तुला एक ईम होता, मुंगे. मामा म्हणतात आपल्यात. मामा. माझा दादा. लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या हाताला सारखा ग्रीसचा वास यायचा, साबणाने जायचा नाही. दारावर दोनदा वाजवायचा आणि वाकून आत यायचा, मी हसायचे त्याला. तू पोटात होतीस तेव्हा त्याने फोनवर सांगितलं होतं, मी आलो की पोरीला पहिल्यांदा लिफ्टमधून फिरवणार, वर-खाली, वर-खाली, पैसे न घेता. मग त्याला ताप आला. आणि तो गेला. आणि मी कुणाला काहीच सांगितलं नाही. तू ऐकशील म्हणून."

आता ती रडत होती. तिला दादासाठी असं रडायला पहिल्यांदाच मिळालं होतं. नाक, डोळे, पदर, सगळं भिजलं. मुंगी टक लावून बघत होती.

रीत पुरी व्हायला एक शब्द हवा होता, आणि तो म्हणायला अडीच वर्षांच्या मुक्या पोराशिवाय कुणी नव्हतं.

"ऐकलं गं," मागून आवाज आला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात फडकं. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. त्या आल्या, जमिनीवर बसणं गुडघ्यांना जमत नव्हतं तरी बसल्या, आणि सुनेचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "सगळं ऐकलं. तेव्हाच ऐकायला हवं होतं मी. उगाच गप्प केलं तुला."

मुंगी उठली. चौकटीशी गेली. मूठ वर केली, पण वाजवलं नाही. मान वर करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि काहीच म्हणाली नाही. उन्हाचा पट्टा तिच्या पायांवर होता. आईला वाटलं, गेला. होता तो एकुलता एक शब्दही गेला, आणि आपण स्वतःच्या तोंडाने घालवला.

मुंगी वळली. दारातून आत आली. सरळ, मान ताठ ठेवून, दोन निराळ्या चपलांतून फटक फटक करत. आईपाशी येऊन तिने ओला गाल बोटाने चाचपला, मग ते बोट आईच्या ओठांवर ठेवलं. शब्द येतात ती जागा हीच ना, असं तपासल्यासारखं.

"मामा," मुंगी म्हणाली.

आईने सासूबाईंच्या खांद्यावरून डोकं उचललं.

मुंगीने तिचे ओठ दोन बोटांनी उघडायला पाहिले. "आई. अजून."

मग तिने अजून सांगितलं. दादाने सायकलवरून पाडलं ते, तिच्या वाटणीची साय खाल्ली ते, लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्याला बाहेरून गाणी म्हणून दाखवली ते. थांबली की ओठांवर बोट यायचं. सासूबाई मध्येच हसत होत्या, मध्येच फडक्याने डोळे पुसत होत्या.

ऊन कलल्यावर त्यांनी जमिनीवरचं पान उचललं, लांब धरून त्यावरची लाल रेघ पाहिली. "हा शब्द आता जाणार?"

"कोशातून जाणार. उद्या."

"खूण कुठे करायची असते ऐकणाऱ्याने?"

तिने बोट दाखवलं. सासूबाईंनी पेन घेतलं आणि तिच्या खोट्या खुणेशेजारी आपली खूण केली, बरीच मोठी, जरा वाकडी. मग चौकटीला धरून उठल्या. "चहा टाकते," म्हणाल्या आणि निघाल्या.

दारात मात्र त्या थांबल्या. पदर सावरून चौकटीला अंग चिकटवून, बाहेर निघालेल्या पाहुण्याला वाट द्यावी तशा क्षणभर एका बाजूला सरून उभ्या राहिल्या. मग आत गेल्या.

मुंगीने हात हलवला.